दुसरं हवंय, पण पहिल्या बाळंतपणाची आठवण आली की तळव्यांना घाम सुटतो

कुंदकळी
मुलगी साडेतीन वर्षांची झाली. गेले सहा महिने घरात एकच विषय चाललाय, दुसरं. मलाही हवंय, अगदी मनापासून. फक्त ते बाहेर कसं यायचं हा मुद्दा आला की मी विषय बदलते.

पहिल्या वेळची हकीकत थोडक्यात सांगते. ४१ आठवडे झाले तरी कळा नाहीत, म्हणून औषधाने आणायचं ठरलं. सकाळी दहाला पहिलं औषध दिलं, मुलगी झाली दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला. मधे पाणमोट फोडली, सलाईनमधून कळा वाढवल्या. शेवटचे अडीच तास नुसती जोर लावत होते. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. त्याचा सेकंदकाटा नऊवर आला की अडकायचा, थरथरायचा आणि मग एकदम उडी मारून पुढे जायचा. तो काटा मला अजून स्वप्नात दिसतो. शेवटी बाळाचे ठोके कमी व्हायला लागले, व्हॅक्यूम लावला, मुलगी आली. मग वार सुटेना. ती हाताने काढली, बरंच रक्त गेलं. टाके "जरा जास्त" पडलेत असं सांगितलं. जरा जास्त म्हणजे किती हे विचारायचं त्राण नव्हतं. ते घालायला तासभर लागला एवढं आठवतं.

नंतर तीनेक महिने मला गॅस रोखता यायचा नाही. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही. इथे टोपणनाव आहे म्हणून लिहितेय.

आणि डिस्चार्ज कार्डावर काय? नॉर्मल डिलिव्हरी. बाळ-बाळंतीण सुखरूप.

ज्यांचं पहिलं असं अवघड गेलं, त्यांनी दुसऱ्या वेळी काय ठरवलं? सरळ सिझर मागून घ्यावं का? की "दुसरं सोपं असतं" यात काही तथ्य आहे?

टिंबटिंब
सिझर. मागून घे. मी घेतलं. तारीख ठरलेली, डोकं शांत, चाळीस मिनिटांत बाळ हातात. पहिल्या वेळी मी ज्या आवाजात ओरडले होते तो आवाज पुन्हा काढायची माझी तयारी नव्हती.
फुकटचं नसतं मात्र. पहिला आठवडा हसायला लागलं तरी पोटाला हात धरायचे. आणि मोठ्याला उचलायचं नाही, हे अडीच वर्षांच्या मुलाला समजावून दाखवा कुणीतरी.

पारिजातक_७
मला तर पहिल्या सिझरनंतर दुसरी नॉर्मल झाली! सगळे घाबरवत होते, टाके उसवतील म्हणून. पण डॉक्टर चांगले मिळाले, कळा आपोआप आल्या आणि सहा तासांत मोकळी झाले. तेव्हा घाबरू नकोस, सिझरनंतर नॉर्मल होऊ शकतं.

चष्मेवाली
पारिजातक, अभिनंदन, पण धागाकर्तीचं सिझर झालेलंच नाही. वर वाच ना.

पारिजातक_७
अर्रर्र. कडेवर मूल घेऊन एका हाताने वाचत होते. माफी.

सुमनकाकू
मला तीन मुलं. पहिल्याला दोन दिवस कळा दिल्या, दुसरा चार तासांत, तिसरी तर दवाखान्याच्या दारातच. पहिलटकरणीचं अवघडच असतं गं, वाट तयार व्हायची असते. तुम्ही मुली फार वाचता आणि फार घाबरता. आम्ही काही माहीत नसायचं म्हणून सुखी होतो.

ओंजळ
काकू, राग मानू नका. माझ्या आईलाही काही माहीत नव्हतं आणि ती सुखी नव्हती. मी तिसाव्या वर्षी बाळंत झाले तेव्हा पहिल्यांदा तिच्या तोंडून तिच्या बाळंतपणाबद्दल ऐकलं, आणि सांगताना ती रडली. मधे तीस वर्षं गेली होती.

सुमनकाकू
तसं बघितलं तर मीही माझ्या पहिल्या वेळचं कुणाला सांगितलं नाही. दोन दिवसांचं एका ओळीत लिहून टाकलं आत्ता, ते वाचून मलाच चमत्कारिक वाटलं.

रात्रपाळी
चौदा वर्षं लेबर रूममध्ये नर्स म्हणून काम केलंय. डॉक्टर नाही, तेव्हा निर्णय तुझ्या डॉक्टरांबरोबरच घे. पण एक सांगते.

नॉर्मल की सिझर हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेव. आधी पहिल्या वेळचे कागद मिळव. डिस्चार्ज कार्ड नव्हे, त्यावर एका शब्दात सगळं आटोपतं. आतली केसफाईल माग. त्यात पुढच्या गोष्टी शोध: पिशवीचं तोंड किती वाजता किती उघडलं होतं त्याचा आलेख, बाळाच्या डोक्याची दिशा, व्हॅक्यूम कशासाठी आणि किती वेळा लावला, रक्त किती गेलं, वार किती वेळाने निघाली, आणि टाके कुठवर गेले.

हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. जखमेच्या चार पायऱ्या असतात. पहिलीत नुसती त्वचा फाटते. दुसरीत खालचा स्नायूही फाटतो, ही फार जणींना होते. तिसरीत गुदद्वाराभोवतीचा गोल स्नायू, म्हणजे शी आणि गॅस रोखणारा, दुखावतो. चौथीत त्याच्या आतलं अस्तरही फाटतं. गॅसचं वाचून मला तुझी तिसरी वाटते. पहिलटकरणींपैकी शंभरात साधारण सहाजणींची जखम तिसऱ्या-चौथ्या पायरीवर जाते. आधी औषधाने कळा, मग लांबलेला जोर, शेवटी व्हॅक्यूम, या रांगेत तर शक्यता आणखी वाढते. नीट शिवलं तर वर्षभरात शंभरात साठ ते ऐंशी जणींना काही त्रास उरत नाही. पुढच्या बाळंतपणात पुन्हा तसंच फाटण्याची शक्यता पाच ते सात टक्के. पण हा आकडा सरसकट आहे. तुझा स्नायू आज कसा आहे ते सोनोग्राफी आणि दाबाच्या तपासणीवरून कळतं. स्नायूत खोट राहिली असेल किंवा त्रास अजून होत असेल, तर सिझरचा विचार रास्त. सगळं व्यवस्थित असेल, तर दोन्ही वाटा मोकळ्या.

आता वार. एकदा अडकली की पुढच्या वेळी अडकण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, रक्तस्रावाचंही तेच. म्हणून जिथे रक्त आणि ऑपरेशन थिएटर हाताशी आहे तिथेच जा, आणि दिवस जाण्याआधीच हिमोग्लोबिन बघ. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की अशक्तपणा धरतात. साठा भरलेला असला की तेवढंच रक्त गेलं तरी बाई सावरते. बाळ झाल्याबरोबर ऑक्सिटोसिन देतातच, शिवाय तुझ्या बाबतीत शिरेत सुई आधीपासून लावून ठेवायला सांग.

आणि हो, दुसरं सोपं असतं का? लवकर होतं, हे बहुधा खरं. सोपं असेलच असं नाही.

खडूफळा
रात्रपाळीताई, प्रतिसाद जपून ठेवला. एक विचारू? डोक्याच्या दिशेने एवढा काय फरक पडतो?

रात्रपाळी
खूप. बाळाचं तोंड आईच्या पाठीकडे असलं की डोक्याचा लहान घेर पुढे येतो. तोंड पोटाकडे असलं, म्हणजे बाळ आकाशाकडे बघत येत असलं, की मोठा घेर पुढे येतो. मग कळा पाठीत येतात, पिशवीचं तोंड उघडायला वेळ लागतो, जोर लावून लावून बाई थकते. कळा सुरू होताना बऱ्याच बाळांची दिशा अशी असते आणि बहुतेक वाटेत वळतात. शंभरात पाचेक शेवटपर्यंत वळत नाहीत.
दिशा मागच्या वेळी चुकली म्हणून पुढच्या वेळी चुकेलच असं नाही, म्हणून तर कागद बघायचे. काही कारणं पुन्हा येणारी असतात, काही नसतात.

हिशेबनीस
अवांतर, पण पारिजातकने विषय काढलाच आहे तर विचारतो. बायकोचं पहिलं सिझर आहे. सिझरनंतर नॉर्मलचे खरे आकडे काय? प्रत्येक जण भीती घालतो, नाहीतर धीर देतो. आकडा कुणीच देत नाही.

रात्रपाळी
योग्य बायका निवडून प्रयत्न केला तर शंभरात बहात्तर ते पंचाहत्तर जणींची नॉर्मल होते. आधी एक तरी नॉर्मल झालेली असेल तर पंच्याऐंशी-नव्वद. जुना टाका उसवून पिशवी फाटणं कळा आपोआप आल्या असतील तर दोनशेत एक, औषधाने आणल्या तर त्याच्या दोन-तीन पट. मिसोप्रोस्टॉल नावाची गोळी जुनी शिवण असलेल्या पिशवीला कळा आणायला वापरत नाहीत. पिशवीवरचा छेद आडवा होता की उभा हे फाईलमध्ये बघा. उभा असेल तर विषय संपला. पोटावरचा टाका आडवा म्हणून आतला आडवाच, असं धरून चालू नका. पहिलं सिझर बाळ पायाळू म्हणून झालं असेल तर आशा जास्त. पुढे सरकेना म्हणून झालं असेल तर थोडी कमी, तरी साठ टक्क्यांच्या वर.
आणि दोन बाळंतपणांत अंतर ठेवा. एक मूल झाल्यावर पुढचे दिवस जाईपर्यंत निदान २४ महिने जाऊ द्यावेत, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

जुनापुराणा
या निमित्ताने इतिहासाची एक पुडी सोडतो. "एकदा सिझर की कायम सिझर" हे वाक्य १९१६ सालचं. न्यूयॉर्कच्या डॉ. एडविन क्रेगिन यांचं. गंमत अशी की त्यांचा रोख दुसरीकडेच होता. ते डॉक्टरांना बजावत होते की पहिलं सिझर करताना दहादा विचार करा, कारण ते पुढच्या बाळंतपणांना बांधून ठेवतं. अपवाद असतात हेही त्यांनी लिहिलं होतं. त्या काळी पिशवीवर उभा छेद घेत. खालचा आडवा छेद पुढच्या दशकात मन्रो कर यांनी पुढे आणला. म्हणजे वाक्य जुन्या छेदाचं आणि शंभर वर्षं वापरतोय नव्या छेदाला.

टिंबटिंब
जुनापुराणा, बाळंतपणाच्या धाग्यावर एकमेव सनावळी. धन्य आहात.

खिडकीपाशी
मी पुरुष आहे. लिहावं की नाही, दोन दिवस विचार केला.

आमच्याकडे उलटं आहे. बायको दुसऱ्यासाठी तयार आहे, मी नाही. तिला त्या रात्रीतलं फारसं आठवत नाही, मला सगळं आठवतं. मी तिच्या डोक्याशी उभा होतो. एकदम खोलीत माणसं वाढली, मला कुणीतरी खांद्याला धरून बाहेर नेलं आणि दार लावलं. दाराखालच्या फटीतून चपलांची ये-जा दिसत होती. बाळ रडल्याचा आवाज आला, पण ती कशी आहे हे वीस मिनिटं कुणी सांगितलं नाही. त्या वीस मिनिटांत मी मनातल्या मनात तिच्या आईला काय सांगायचं ते वाक्य जुळवत होतो. ते वाक्य मला अजून पाठ आहे.

आता ती दुसऱ्याचं बोलते तेव्हा मी ऑफिसचं काम काढतो. तिला वाटतं मला मूल नकोय.

ओंजळ
खिडकीपाशी, लिहिलंत ते बरं केलंत.

तुमच्यासाठी आणि कुंदकळीसाठी माझं सांगते. माझं पहिलं असंच झालं आणि मी वर्षभर स्वतःला "जरा हळवी" समजत होते. हात धुवायच्या जेलचा वास आला की छातीत धडधडायचं. मुलाचा वाढदिवस जवळ आला की आधीचा आठवडाभर झोप नाही. त्या रस्त्यावरून रिक्षा जाऊ द्यायचे नाही. मला वाटायचं हे बाळंतपणानंतरचं नैराश्य असेल, पण मी उदास नव्हतेच, बाळावर जीव होता. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं की अपघातातून वाचलेल्या माणसांना होतो तो आघात बाळंतपणातूनही होतो. साधारण शंभरात चारजणींना, आणि अवघड बाळंतपणं झालेल्यांत त्याहून बऱ्याच जास्त जणींना. बघणाऱ्यालाही होऊ शकतो, खिडकीपाशी.

यावर उपचार आहेत. आघातावर बेतलेली बोलण्याची उपचारपद्धत असते, आणि डोळ्यांच्या हालचालींची एक असते, ईएमडीआर. मी दुसरी घेतली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसू आलं होतं. नऊ बैठका झाल्या. आठवण गेली नाही, पण आता ती आठवणीसारखी आठवते. आधी ती परत घडायची.

मग दुसरं नॉर्मल झालं. पण सिझर घेतलं असतं तरी चाललं असतं, कारण तोवर निर्णय भीती घेत नव्हती.

इब्लिस_पोर
एवढं सगळं करण्यापेक्षा रोज व्यायाम केला, चाललं-फिरलं तर होतं की नॉर्मल. शरीराला माहीत असतं.

चष्मेवाली
मी रोज चार किलोमीटर चालत होते, योगासनं करत होते, शेवटच्या दिवसापर्यंत ऑफिसला जात होते. बाळाच्या मानेला नाळेचे वेढे होते आणि ठोके पडले. शरीराला काय माहीत होतं ते त्यालाच ठाऊक.

इब्लिस_पोर
बरं बाई. शब्द मागे.

खडूफळा
पाठीतल्या इंजेक्शनबद्दल कुणीच बोललं नाही. मी दुसऱ्या वेळी एपिड्युरल घेतलं आणि पहिल्या वेळी का नाही घेतलं म्हणून स्वतःलाच शिव्या दिल्या. कळा येताहेत हे कळत होतं, पण मधे झोप काढली!

पारिजातक_७
माझ्या जावेला त्यानंतर कायमची पाठदुखी लागली. आणि त्याने सिझर वाढतात असंही ऐकलंय.

रात्रपाळी
दोन्ही गोष्टी अभ्यासांत तपासून झाल्यात, दोन्ही टिकल्या नाहीत. सिझरचं प्रमाण त्याने वाढत नाही. जास्त दिवसांची पाठदुखीही ज्यांनी घेतलं नाही त्यांच्याइतकीच आढळते. मूल उचलून, वाकून दूध पाजून कुणाची पाठ दुखत नाही? हां, जोर लावायचा वेळ थोडा वाढू शकतो. जुन्या जड डोसांमध्ये व्हॅक्यूम-चिमट्याचं प्रमाण वाढलेलं दिसायचं. हलक्या डोसांत तो फरक राहिलेला नाही.
सिझरनंतर नॉर्मलचा प्रयत्न करतानाही एपिड्युरल देता येतं. आधीच भूलतज्ज्ञाला भेटून ठेवा, रात्री तीनला शोधाशोध नको.

आणि सोबतीला कुणीतरी हवं. शेवटपर्यंत एकच माणूस बाजूला असणं, मग ती बहीण असो, मैत्रीण असो, शिकलेली सोबतीण असो, याने आपसूक होणाऱ्या बाळंतपणांचं प्रमाण वाढतं. सव्वीस अभ्यास आणि पंधरा हजारांवर बायका, एवढ्या आधारावर सांगतेय. खर्चिक यंत्रांपैकी कित्येकांना हे जमलेलं नाही.

सुमनकाकू
हे पटलं. माझ्या दुसऱ्या वेळी मोठी जाऊ शेजारी बसून होती. काही करत नव्हती, नुसती पाठ चोळत होती आणि नवऱ्याच्या तक्रारी सांगत होती. तिच्या नवऱ्याच्या.

टिंबटिंब
काकू :)) कळा विसरायला अक्सीर इलाज.

हिशेबनीस
सिझर मागून घेण्याचा पुढे काही तोटा? तिसरं नको असेल तर फरक पडतो का?

रात्रपाळी
तिसरं नको असेल तर फरक कमी पडतो. जितकी सिझरं जास्त, तितकी पुढच्या वेळी वार जुन्या व्रणाला घट्ट चिकटून बसण्याची भीती जास्त. त्यात वार खाली, पिशवीच्या तोंडावर असली तर धोका फार. म्हणून दोनच मुलं ठरलेली असतील तर टिंबटिंबसारखा निर्णय चुकीचा अजिबात नाही. ठरवून केलेलं सिझर बहुधा ३९ आठवडे झाल्यावर करतात, आधी केलं तर बाळाला श्वासाचा त्रास होण्याची शक्यता वाढते. त्याआधी कळा सुरू झाल्या तर काय करायचं, हेही आधीच विचारून ठेवायचं.

कुंदकळी
पाच आठवड्यांनी परत आलेय. सगळं वाचत होते, लिहायला काही नव्हतं.

फाईल मिळवली. पहिल्या खेपेला "जुनं रेकॉर्ड आहे, सापडायला वेळ लागेल" म्हणाले. दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज दिला. तिसऱ्या खेपेला झेरॉक्सचे अकरा कागद हातात आले. घरी आणून तीन दिवस कपाटात ठेवले. मग मुलगी झोपल्यावर बाहेर काढले.

रात्रपाळीताई, तुमचा अंदाज बरोबर होता. जखम तिसऱ्या पायरीची. रक्त ११०० मिली. मला कुणीही, कधीही हे सांगितलेलं नाही.

आता दुसरं. साडेतीनच्या नोंदीत, इंग्रजीत, एक ओळ आहे: आईचा जोर अपुरा. मी ती वाचली आणि हातातला कागद खाली ठेवला. कारण ते मला तोंडावरही सांगितलं होतं, "नीट जोर लावत नाहीस, बाळाला त्रास होतोय." साडेतीन वर्षं मी हेच धरून बसलेय की मला जमलं नाही. माझ्यामुळे व्हॅक्यूम लागला, माझ्यामुळे तिच्या डोक्याला तो टेंगूळ आला. मुलीला चालायला चौदा महिने लागले तेव्हाही माझ्या मनात तेच आलं.

मग चार वाजून पन्नास मिनिटांची नोंद, वेगळं अक्षर, बहुतेक मोठ्या डॉक्टरांचं: बाळाचं तोंड पोटाकडे, डोकं वळलेलं नाही. बाळाचं वजन ३.७ किलो.

म्हणजे ती सगळा वेळ आकाशाकडे बघत होती. आणि मी अडीच तास चुकीच्या दिशेला तोंड केलेलं पावणेचार किलोचं बाळ ढकलत होते.

मी खूप रडले, पण वेगळंच रडू होतं ते.

रात्रपाळी
कुंदकळी, "आईचा जोर अपुरा" हे शब्द मी स्वतः कितीदा लिहिलेत ते मोजता येणार नाही. रकाना भरायचा असतो, मागे दुसरी बाई ओरडत असते, आपण लिहून टाकतो. तो कागद पुढे कुणी कपाटात ठेवून तीन दिवस घाबरेल असं कधी डोक्यात आलं नाही.
आज ड्यूटी आहे. बघते.

ओंजळ
कुंदकळी, 🌸 एवढंच.

चष्मेवाली
वाचून सुन्न. पुढे काय ठरलं? तपासण्या केल्यास?

कुंदकळी
केल्या. स्नायूची सोनोग्राफी आणि दाबाची तपासणी. तपासणीचं वर्णन करत नाही, लाज बाळगायची वेळ केव्हाच निघून गेली असली तरी. स्नायू छान जुळलाय, दाब चांगला आहे. नव्या डॉक्टरांनी सगळे अकरा कागद वाचले, मधे दोनदा चष्मा पुसला. म्हणाल्या, दोन्ही वाटा मोकळ्या आहेत, तू सांगशील ते लिहू.

सध्याचा बेत नॉर्मलचा आहे. अटी लिहून घेतल्यात: एपिड्युरल लवकर, जोर लावायला लागण्याआधी डोक्याची दिशा बघायची आणि ती मला सांगायची, डोकं बाहेर येताना गरम पाण्याच्या घड्यांनी शेक आणि घाई नाही, वार निघेपर्यंत कुणी खोलीतून हलायचं नाही, रक्ताची सोय आधीच. आपोआप कळा आल्या नाहीत आणि पिशवीचं तोंड तयार नसेल, तर पुन्हा दोन दिवस औषधं नकोत, सिझरबद्दल बोलू. हा बेत मी कळा सुरू झाल्यावरही बदलू शकते, हे त्यांनी स्वतःहून लिहिलं. ती ओळ मला सगळ्यात आवडली.

हिमोग्लोबिन १०.२ निघालं. तेव्हा आधी तीन महिने लोहाच्या गोळ्या, मग पुढचं.

आणि नवऱ्याला गॅसचं सांगितलं. म्हणाला, "मला माहीत होतं. तू प्रत्येक वेळी मोठ्याने खोकायचीस." साडेतीन वर्षं मला वाटत होतं खोकला खपतोय.

टिंबटिंब
मी ऑफिसमध्ये मोठ्याने हसले, आता सगळे बघतायत. खोकला काढावा लागला.

खडूफळा
खालच्या भागाचा मसाज कधीपासून करायचा असतो? कुणी लिहिलं नाही.

रात्रपाळी
पस्तिसाव्या आठवड्यापासून, आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पहिलटकरणींना फायदा जास्त दिसतो. दुसऱ्या वेळी निदान नंतरचं दुखणं कमी राहतं.

खिडकीपाशी
काल बायकोला हा धागा दाखवला. तिने माझा प्रतिसाद दोनदा वाचला. मग विचारलं, "आईला काय सांगणार होतास?" मी ते वाक्य म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "आईला असं सांगितलं असतंस तर तीच गेली असती. निदान बसा तरी म्हणायचंस."
दोघंही हसलो, मग दोघंही नाही.
ओंजळ, त्या बाईंसारखं कुणी कसं शोधलंत, ते व्यक्तिगत निरोपात सांगाल का?

ओंजळ
पाठवला आहे.

चष्मेवाली
कुंदकळी, आणि त्या घड्याळाचं काय?

कुंदकळी
नव्या ठिकाणी आधीच जाऊन लेबर रूम बघून आले. घड्याळ आहे, पण पलंगाच्या मागच्या भिंतीवर. सिस्टरना विचारलं तर म्हणाल्या, "ते आमच्यासाठी आहे, तुम्हाला कशाला हवंय?"

आंबटगोड_९
नवीन सभासद आहे, धागा पूर्ण वाचला नाही. पण घाबरू नका ताई, सिझरनंतरसुद्धा नॉर्मल होतं!

चष्मेवाली
पारिजातक, हे उत्तर तू दे.